मुजावरसाहेबांची रेघ

पाण्याची चव कळणारा कोल्हापुरातला एकमेव माणूस आपण आहोत, असं मुजावरसाहेब स्वतःबद्दल सांगायचे. लग्नाच्या पंगतीत त्यांच्यासमोर पेला आला की शेजारच्यांनी घास हातात धरून थांबायचं. साहेब पेला तोंडाला लावायचे, डोळे मिटायचे, पाणी या गालातून त्या गालात फिरवायचे, गिळायचे आणि निकाल द्यायचे, "पंचगंगेचं." यजमान ओशाळून म्हणायचा की साहेब, हे आमच्या परड्यातल्या आडाचं आहे. साहेब तसूभर हलायचे नाहीत. "मग तुमच्या आडात पंचगंगा घुसल्याली हाय. एकदा बगून घ्या." यजमान बिचारा पंगत सोडून खरंच आडात वाकून यायचा.

त्यांच्या हाताखाली मी बरीच वर्षं काढली. या काळात त्यांचा पाण्याचा अंदाज एकदाही बरोबर आलेला मला आठवत नाही, आणि त्यांचा आत्मविश्वास एकदाही कमी झालेला आठवत नाही.

दस्तगीर मुजावर हे त्यांचं पूर्ण नाव. शहराच्या पाणीखात्याचे ते साहेब. पुण्याला जाऊन इंजिनिअर झालेले, पण बोलणं असं की टेकडीवरून गुरं हाकणाऱ्याला ते आपल्यातलेच वाटावेत. उंच, रुंद, पोट टेबलाच्या कडेवर विसावलेलं, आणि आवाज असा की त्यांनी ऑफिसात "चहा" म्हटलं की रस्त्यापलीकडचा हॉटेलवाला किटली उचलायचा. मी तिथं नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन म्हणून लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझं गाव विचारलं. मी गडहिंग्लज म्हणून सांगितलं. नाव विचारलंच नाही. त्या दिवसापासून मी 'गडहिंग्लज' झालो तो कायमचा. शिपाई पन्हाळ्याचा होता, म्हणून तो 'पन्हाळा'. "पन्हाळ्याला चहा आणायला पाठवा" असं त्यांनी नव्या कारकुनाला फर्मावलं, तेव्हा तो बिचारा एस.टी.ची वेळ बघायला निघाला होता.

साहेबांच्या खुर्चीमागं भिंतभर एक नकाशा होता. शहराला पाणी देणारा तलाव त्यात मध्यभागी. आम्ही त्याला नुसतं 'तलाव' म्हणायचो. दुसरी तळी गावात होती, पण ती म्हशी धुवायला आणि हवा खायला. प्यायचं पाणी तेवढं या तलावाचं. तलावाच्या मागं तिन्ही बाजूंनी टेकड्या, आणि त्या टेकड्यांच्या माथ्यामाथ्यावरून साहेबांनी स्वतःच्या हातानं एक तांबडी रेघ ओढलेली. रेघेच्या आत पडलेला पावसाचा थेंब तलावात येणार आणि तिथून आपल्या पेल्यात, एवढा साधा त्या रेघेचा अर्थ. म्हणून रेघेच्या आत पाण्याची पाइप जाणार नाही, गटार जाणार नाही, आणि विजेच्या खांबालाही साहेब हरकत घेणार. हा त्यांचा नियम. सरकारी कागदात तो एका ओळीत होता. त्या ओळीवर साहेब आयुष्यभर बसून राहिले.

लोक विचारायचे की साहेब, नळानं पाणी कसं घाण होईल? त्यावर साहेब समोरच्याला बसवून घ्यायचे. "नळ म्हंजे आवतन हाय. आज माळावर कोण ऱ्हात न्हाय, कारण पाणी न्हाय. उद्या मी पाइप टाकली की घर येतंय. घराला मोरी येती, मोरीला गटार, गटाराला उतार. आनि उतार कुठं जातो?" इथं ते मागं न बघता हात मागं करून नकाशातल्या तलावावर बोट ठेवायचे. बोट बहुतेक वेळा तलावावर न पडता शेजारच्या उसाच्या रानावर पडायचं, पण समोरच्याला मुद्दा कळायचा.

एकदा एका तरुण सभासदाला मोठी युक्ती सुचली. तो म्हणाला की नळाबरोबर गटारही बांधून द्या, म्हणजे घाण परस्पर बाहेर जाईल आणि तलाव स्वच्छ राहील. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "गटार म्हंजे दुसरं आवतन. पयल्या आवतनाला माणूस येतो. दुसऱ्याला त्याचं सगळं पावणं येतात."

आता या रेघेला विरोध करणारा माणूसही तेवढ्याच ताकदीचा हवा. तो होता, आणि त्याचं नाव दौलूअण्णा. एके काळचा पैलवान, कान मोडलेले, गळ्यात सोन्याची साखळी. कुस्ती सुटल्यावर त्यानं रेघेच्या आतली, टेकडीच्या उतारावरची जमीन घेतली, तिचे तुकडे पाडले आणि विकले. विकताना प्रत्येकाला सांगितलं की येत्या दिवाळीला नळ येतोय. कोणत्या दिवाळीला ते सांगितलं नाही. घेणारे लोक साधे होते, कुणी मास्तर, कुणी गिरणीत, कुणी शिलाईकाम करणारे. त्यांनी जमेल तशी घरं बांधली आणि बायका खालच्या विहिरीवरून घागरी वाहू लागल्या. ते बघून माझ्यासारख्याला वाईट वाटायचं. साहेबांनाही वाटायचं, त्या वसाहतीवरून सायकलनं जाताना ते कधी मान वर करायचे नाहीत.

दौलूअण्णानं अर्ज केले, मोर्चा आणला, साहेबांच्या टेबलावर मूठ आपटली. काही झालं नाही. मग त्यानं डोकं लढवलं. वसाहतीच्या चौकात त्यानं एक दगडी कट्टा बांधला, कट्ट्यात नळाची तोटी बसवली, तोटीला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणून मुजावरसाहेबांनाच बोलावलं. तोटीमागं पाइप नव्हती. तोटी दगडातून निघून हवेत बघत होती. दौलूअण्णाचा हिशेब असा की साहेब यायचे नाहीत, मग पेपरात छापून येईल की पाणीखात्याचा साहेब गोरगरिबांच्या नळाला घाबरला.

साहेब गेले. इस्त्रीचा कोट घालून गेले, आणि आम्हा सगळ्या स्टाफला बरोबर घेऊन गेले. बँड होता. साहेबांनी सत्कार स्वीकारला, शाल अंगावर घेतली, नारळ पन्हाळ्याच्या हातात दिला आणि भाषणाला उभे राहिले. ते पाण्याचं महत्त्व, तलाव बांधणाऱ्यांची दूरदृष्टी, उकळलेलं पाणी आणि अंगणातली झाडं यांवर इतकं बोलले की बँडवाल्यांनी खाली बसून बिड्या पेटवल्या. शेवटी त्यांनी पुढं होऊन तोटी फिरवली. सगळे बघत राहिले. तोटीतून एक कोळी बाहेर आला, कट्ट्यावरून उतरला आणि निघून गेला.

"नळ चालू झाला असं मी जाहीर करतो," साहेब म्हणाले. "आता ह्याच्यातनं पाणी तेवढं मागू नका."

मग वसाहतीतल्या बायकाच हसायला लागल्या, आणि त्यांचं बघून बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. दौलूअण्णाला काय करावं कळेना. शेवटी पैलवानाच्या सवयीनं त्यानं साहेबांशी हात मिळवला आणि सगळ्यांना मिसळ खायला घातली. मिसळीवर पाणी पिताना साहेबांनी डोळे मिटले आणि हे राधानगरीकडचं म्हणून सांगितलं. ते खालच्या विहिरीचं होतं.

पण दौलूअण्णा हसून सोडून देणारा नव्हता. त्यानं सभासदांना एकेक करून आपल्या बाजूला वळवलं आणि पाइप वर न्यायचा ठराव पाणीपुरवठा समितीपुढं आणला. समितीचे सभापती शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी होते. माणूस सज्जन, पण कुणालाही नाही म्हणताना त्यांना घाम फुटायचा. ठराव मंजूर होणार हे उघड होतं.

सभेच्या दिवशी साहेबांनी पन्हाळ्याला बोलावून दोन पेले भरून आणायला सांगितलं. एक ऑफिसातल्या माठातल्या पाण्याचा, आणि दुसरा रस्त्यावरच्या जनावरांच्या हौदातला. सभासदांपुढं दोन्ही ठेवायचे, हा आजचा तलाव आणि हा नळ दिल्यानंतरचा तलाव असं सांगायचं, म्हणजे वेगळं भाषण करायला नको, असा बेत. आता पन्हाळा माणूस सोवळ्याचा. ज्या पेल्यातून साहेब पाणी पितात त्यात म्हशींचं उष्टं भरायचं त्याच्या जिवावर आलं. त्याला माझ्या टेबलावर एक पेला दिसला. मी नकाशातल्या तलावात निळा रंग भरत होतो आणि त्या पेल्यात कुंचला बुडवत होतो. पन्हाळ्यानं विचार केला की घाण पाणीच पाहिजे ना, मग हे काय वाईट. पेला उचलला आणि घेऊन गेला. साहेबांना यातलं काही सांगितलं नाही.

सभेत दोन पेले शेजारी शेजारी ठेवले गेले. साहेबांनी खाकरून सांगितलं की हा आजचा तलाव आणि हा उद्याचा. सभासदांनी बघून ठरवावं. सभासदांनी बघितलं. माठाचं पाणी होतं तसं होतं. दुसऱ्या पेल्यातलं खिडकीच्या उजेडात फिकट निळं, गार, नितळ दिसत होतं. महाबळेश्वरच्या कॅलेंडरातल्या तळ्यासारखं. सभापती पुढं वाकले आणि खरंखुरं कौतुक वाटून म्हणाले, "साहेब, हे उद्याचंच जास्त चांगलं दिसतंय की." आणि त्यांनी तो पेला उचलून ओठाला लावला.

साहेबांच्या डोळ्यांपुढं हौदात तोंड घातलेल्या म्हशी उभ्या राहिल्या असणार. त्यांनी झेप घालून सभापतींच्या हातातला पेला हिसकला. सगळी सभा उठून उभी राहिली. पेला हातात, शंभर डोळे तोंडावर, आणि ठेवायला जागा नाही. माघार घेणं साहेबांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तो पेला स्वतःच घटाघटा पिऊन टाकला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "हौदाचंच. म्हशीची चव लागतीया." मग पेला ठेवून ते म्हणाले, "आज हे मी पितोय. उद्या तुमची पोरं पितील. आता करा काय ठराव करायचा तो."

ठराव तहकूब झाला, कारण साहेबांना पोटात कळ येणार म्हणून सभाच आटोपली. ते घरी गेले आणि आजारी पडायची वाट बघत आडवे झाले. बायकोनं लिंबूपाणी दिलं. ते प्यायला त्यांनी तोंड उघडलं, तर जीभ निळी, दात निळे, मिशीची कडा निळी. बाईंनी हंबरडा फोडला. डॉक्टर आले, शेजारी आले, आणि संध्याकाळच्या आत गावभर झालं की घाण पाण्यानं माणूस निळा पडतो, मुजावरसाहेब पडलेत, जाऊन बघा. लोक खरंच बघून गेले. पन्हाळा दुसऱ्या दिवशी सकाळी कान धरून त्यांच्या पलंगापाशी उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. जीभ बाहेर काढून आरशात पाहिली. म्हणाले, "निळी तर निळी. ठराव तहकूब झाला न्हवं?"

हे सगळं इथवर हसण्यावारी गेलं. त्यानंतर आली ती आपा.

आपा म्हणजे साहेबांची थोरली बहीण. विधवा, कृश, डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही आणि जीभ कधी थांबायची नाही. तिच्या नवऱ्यानं मरायच्या आधी दौलूअण्णाच्याच उतारावर जागा घेऊन ठेवली होती. मुलगा नोकरीला परगावी, म्हणून ती तिथं दोन खोल्या बांधून एकटी राहायला गेली. राहायला गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्या घराला नळ नाही आणि नळ न देणारा माणूस आपला सख्खा भाऊ आहे. दौलूअण्णाला तर देवच पावला. त्यानं वसाहतीत सांगून टाकलं की आता नळ आलाच समजा, बहिणीला कोण नाही म्हणतंय.

आपानं अर्ज केला नाही, मोर्चा काढला नाही. ती रोज सकाळी धुण्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन टेकडी उतरायची, शहरातून चालत साहेबांच्या घरी यायची, अंगणातल्या नळाखाली बसायची आणि धुवायला लागायची. धुता धुता बोलायची. मुजावरांच्या घरात आपसातलं भांडण घरच्या उर्दूत चालायचं आणि शेजाऱ्यांना ऐकवायचं असेल तर मराठीत. आपा मराठीत बोलायची. सारी गल्ली सकाळचा चहा दारात उभी राहून प्यायला लागली.

मी एकदा कागदावर सही घ्यायला तिथं गेलो होतो. साहेब दाढी करत होते, आपा चादर पिळत होती. साहेब तिला समजावत होते की आपा, एका घराला दिला की सगळ्यांना द्यावा लागेल, आणि मग तलाव गेला. आपानं चादर खाली ठेवली.

"तुझं कारण मला सांगू नकोस, दस्तग्या. आपल्या गावच्या विहिरीत वरच्या गोठ्याचं पाणी मुरलं आनि मधल्या भावाला पटकीनं नेलं. ते पोर माझ्या मांडीवर गेलं, तुझ्या न्हाय. तू तवा रांगत होतास. मला समदं ठावं हाय. पन मला पाणी पायजे."

साहेबांचा हात गालावर तसाच थांबला. साबण वाळला. मला तोवर त्यांच्या रेघेची एवढीच बाजू माहीत होती की ती नकाशावर आहे. मी सही न घेताच बाहेर आलो.

दुसऱ्या दिवसापासून कोल्हापूरकरांना एक नवं दृश्य बघायला मिळालं. पाणीखात्याचे साहेब सकाळी उठून आपल्या अंगणातल्या नळावर दोन घागरी भरायचे, सायकलच्या दोन्ही बाजूंना बांधायचे आणि टेकडीवर बहिणीच्या घरी नेऊन पोचवायचे. चढावर सायकल ढकलावी लागायची. कोट काढून हँडलला अडकवलेला, सदरा भिजलेला, घागरी डुचमळतायत आणि साहेब धापा टाकतायत. रस्त्यातले लोक विचारायचे, "काय साहेब, लाइन टाकली व्हय?" साहेब म्हणायचे, "टाकली की. फिरती लाइन हाय."

गंमत म्हणून सुरू झालेली ही चेष्टा वाढत गेली. वसाहतीतले लोकही आपापली भांडी खाली साहेबांच्या अंगणात आणून ठेवू लागले. तुम्ही वर निघालाच आहात तर आमचीही एक कळशी घ्या, म्हणायचे. साहेब नाही म्हणायचे नाहीत. सायकलीच्या मागं, पुढं, दांडीवर, जिथं जागा मिळेल तिथं कळशा लटकलेल्या. एक दिवस चढावर सायकल उलटली आणि साहेब, घागरी, कळशा आणि एका मास्तरांचं तांब्याचं तपेलं असं सगळं गडगडत खाली आलं. तपेलं शेवटपर्यंत गेलं आणि नाल्यात पडलं. साहेब मधेच एका बाभळीला अडले. आपा वरून हे बघत होती. ती धावत खाली आली, भावाच्या अंगातले काटे काढत बसली आणि काटे काढता काढता त्याला शिव्या देत राहिली. दुसऱ्या दिवशीही ते आले. मलमपट्टी केलेल्या हातानं, पण दोन घागरी घेऊन.

नळ मात्र आला नाही.

दौलूअण्णा चौकातल्या त्या कोरड्या तोटीच्या कट्ट्यावर बसून हे रोज बघायचा. एका सकाळी तो आपल्या लोकांना म्हणाला, "ज्यानं सख्ख्या भणीला नळ दिला न्हाय, त्यो आपल्याला काय देतोय? सोडा नाद." आणि तो स्वतः ऑफिसात आला. पहिल्यांदाच टेबलावर मूठ न आपटता बसला. त्यानं विचारलं की मग या लोकांचं करायचं काय, ते तरी सांगा. साहेबांनी इतके दिवस मनात जपून ठेवलेलं उत्तर बाहेर काढलं. तलावाच्या भिंतीखाली, शहराच्या अंगाला, पालिकेची पडीक जागा होती. तिथलं पाणी तलावात जात नव्हतं, तलावाचं पाणी तिथं येऊ शकत होतं. वरची जागा पालिकेला द्यायची आणि खाली तेवढीच घ्यायची. नळ, गटार, वीज, सगळं पहिल्या दिवसापासून. सभापतींना इतका आनंद झाला की त्यांनी समितीच्या सभेत या ठरावाबरोबर सगळ्यांना गूळशेंगदाणे वाटले, कारण या वेळी कुणालाच नाही म्हणायचं नव्हतं.

हलायला वेळ लागला, कुरकुर झाली, पण लोक एकेक करून खाली आले. दौलूअण्णानं कोपऱ्यावरची चांगली जागा आधीच धरली. आपा सगळ्यांत शेवटी उतरली. तिची अट होती की घराची चौकट, जातं आणि अंगणातलं कढीपत्त्याचं झाड मुळासकट खाली गेलं पाहिजे. बैलगाडीत चौकट उभी बांधली होती आणि आपा त्या चौकटीत, आपल्याच दारात बसावं तशी, बसून आली. साहेब झाड घेऊन मागून चालत होते. नव्या घरातल्या नळाला पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा तिनं कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः तोटी फिरवली, ओंजळीनं प्याली आणि भावाकडं वळून म्हणाली की तुझ्या अंगणातल्या पाण्याची सर याला नाही. एकाच तलावाचं पाणी आहे, हे साहेबांनी तिला पुष्कळ समजावलं.

साहेब निवृत्त झाले तेव्हा ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. निरोपसमारंभात त्यांनी आम्हा सगळ्यांना आमच्या गावांच्या नावांनी हाका मारल्या, त्यामुळे परगावचे पाहुणे आलेत असं वाटून बाहेरून आलेल्या वक्त्यानं भाषण बदललं. त्यांच्या जागी आलेले साहेब वयानं लहान आणि स्वभावानं मवाळ होते. वर्षभरातच वरच्या माळावर हॉटेल काढणाऱ्या कुणाचा तरी अर्ज आला आणि पाइप वर न्यायचा ठराव पुन्हा समितीपुढं ठेवला गेला. आता साहेब नव्हते. मी नकाशा घेऊन सभेत भिंतीशी उभा होतो आणि मनातून ती रेघ पुसली गेली असं धरून चाललो होतो.

तेवढ्यात समितीतला एक नवा सभासद उठला. दौलूअण्णा. तो त्याच वर्षी निवडून आला होता. त्यानं टेबलावर मूठ आपटली, तीच जुनी मूठ, आणि पेले उडाले. त्यानं विचारलं, वर कुणी तरी भांडी घासणार आणि मी रोज सकाळी त्यात चूळ भरणार, हे कुठल्या न्यायात बसतं? एका सभासदानं त्याला आठवण करून दिली की अण्णा, याच नळासाठी तुम्ही मोर्चा आणला होता. दौलूअण्णा जराही लाजला नाही. म्हणाला, "तवा मी वर ऱ्हाणाऱ्यांतला होतो. आता पिणाऱ्यांतला हाय."

ठराव पडला.

ही बातमी स्वतः सांगावी म्हणून मी पुढच्या रविवारी साहेबांच्या घरी गेलो. बाईंनी सांगितलं की ते आपाबरोबर विहिरीवर गेलेत. तलावाच्या भिंतीखाली उसाच्या रानात एका ओळखीच्या शेतकऱ्याची मोठी पायऱ्यांची विहीर आहे, तिकडं. मी रान तुडवत गेलो. लांबूनच आपाचा आवाज येत होता. विहिरीच्या काठावर ती पदर खोचून, पाय रोवून उभी होती. हातात कासऱ्याएवढा जाड दोर. दोराचं दुसरं टोक खाली पाण्यात, आणि त्या टोकाला मुजावरसाहेब. पाठीला पत्र्याचा मोठा डबा बांधलेला, पोट पाण्यावर तरंगणारं, हातपाय चारी दिशांना. साहेब पोहायला शिकत होते. आपा नदीकाठच्या गावात लहानपणीच शिकली होती.

मला बघून साहेबांना आनंद झाला आणि त्या आनंदात ते बुडाले. आपानं ओढून वर काढलं. पायरीला धरून ते म्हणाले, "गडहिंग्लज, इतकी वर्षं त्या पाण्याची राखण केली. कुणाला त्यात पाय बुडवू दिला न्हाय, मग मी कसा बुडवणार? पन मनात व्हतं. ही हीर भिंतीच्या खाली हाय. हे तलावाचंच पाणी, झिरपून आल्यालं. नियमात बसतंय."

मी काठावर बसून सभेची हकीकत सांगितली. दौलूअण्णाच्या वाक्यापाशी आलो तेव्हा साहेब हसायला लागले. ते हसणं विहिरीत घुमलं, कपारीतले पारवे उडाले, आणि हसता हसता त्यांचा हात पायरीवरून सुटला, डबा कलंडला आणि ते पुन्हा दिसेनासे झाले. वर आले तेव्हाही हसतच होते. आपा मात्र हसत नव्हती. दोर तिनं मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट धरला होता आणि तिचे डोळे खाली पाण्यावर होते.

मी निघालो तेव्हा तिनं वळूनही पाहिलं नाही. उसातून जाताना मला बराच वेळ तिचा आवाज ऐकू येत होता, "हात मार, दस्तग्या. भिऊ नकोस. धरलंय मी. हात मार."